अंबुबाई, मिनिटाला सत्तर शब्द

मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर, म्हणजे आठव्या आडव्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर, टायपिंगची एक संस्था होती. अरुंद जिना, लांबट खोली आणि भिंतीला लावून ठेवलेले अठरा टाइपरायटर. सकाळी सहाला पहिली बॅच बसली की खालून जाणाऱ्याला वाटावं, वर कुणीतरी पत्र्यावर वाटाणे ओततंय. त्या खोलीत अंबुबाईंनी बावीस वर्षं शिकवलं, इंग्रजीही आणि कन्नडही. सरकारी कचेऱ्यांतल्या कितीतरी कारकुनांची बोटं त्यांच्या नजरेखालून गेली होती. स्वतः त्या मिनिटाला सत्तर शब्द टाइप करत, आणि ते करताना मान वळवून बोलतही असत. "मधलं बोट कुठं गेलं, कावेरी? नाकात?" त्यांना बघावं लागत नसे. चुकीचं बोट पडलं की आवाज वेगळा येतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची सासर-माहेरची दोन्ही घराणी तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कधीतरी फौजेबरोबर इकडे आली आणि इथलीच झाली. घरात मराठी टिकली, पण तिच्यात कन्नड इतकी मुरली होती की 'सरी', म्हणजे 'बरं', हा शब्द मराठी नव्हे असं कुणी सांगितलं असतं तर अंबुबाईंना ते खरं वाटलं नसतं. नवरा विठोजी पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टर्नर होता. मोजकं बोलणारा माणूस. लेथवर दिवस घालवून आला की त्याला घरात शांतता लागायची आणि अंबुबाईंना गप्पा. पंचवीस वर्षांत दोघांनी त्यातून एक वाट काढली होती. त्या बोलत आणि तो ऐके, आणि शेवटी एखादा प्रश्न विचारी.

सत्त्याण्णव साल उजाडलं आणि संस्था बंद झाली. मालकाच्या मुलांनी टाइपरायटर हलवले आणि तिथं कॉम्प्युटरचा क्लास काढला. जाता जाता अंबुबाईंना म्हणाले, "अक्का, तुम्ही पण शिकून घ्या की." अंबुबाईंनी मनावर घेतलं. कॉम्प्युटरचा कीबोर्ड त्यांना पहिल्या दिवशी फारच मऊ वाटला, पुरणात बोटं घातल्यासारखा. ओळ संपली की घंटी वाजत नाही, हेही खटकलं. पण आठवड्याभरात हात बसला आणि मग त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं त्या लोखंडाला उगाच कुटत बसले मी."

जूनमध्ये विठोजीनं बातमी आणली. त्याच्या कारखान्याच्या पलीकडच्या गल्लीत 'सुप्रभा पार्सल सर्व्हिस' म्हणून कंपनी होती. पीण्यातले लहान-मोठे कारखाने आपले सुटे भाग तिथून राज्यभर पाठवत. त्यांनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर झटपट हात चालवणारं कुणी हवं होतं. मॅनेजर चन्नबसप्पा जाडजूड, गडबड्या आणि मनानं मऊ. त्यानं अंबुबाईंना एक पत्ता टाइप करायला दिला. तो चष्मा लावेपर्यंत पत्ता टाइप होऊन गेला होता. "उद्यापासून या, अक्का," तो म्हणाला.

काम सोपं होतं. गिऱ्हाइकानं पार्सल काउंटरवर ठेवायचं, पत्ता सांगायचा. अंबुबाईंनी नाव, रस्ता, गाव, पिन असं एकेक टाइप करून एंटर दाबायचं. शेवटच्या एंटरला शेजारचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्र कर्र करत दोन प्रती काढायचा. पहिली पावती गिऱ्हाइकाची, दुसरं चिकटपट्टीचं लेबल पार्सलवर लावायचं. आणि यातली गंमत अशी की प्रिंटर छापत असताना हात बांधून बसावं लागत नसे. तो आपलं काम करतोय तोवर पुढचा पत्ता घ्यायला मोकळीक. अंबुबाईंना ही सोय फार आवडली. आधीचा कारकून एका बोटानं अक्षरं शोधत असे. त्याच्या काळी काउंटरपुढची रांग फाटकापर्यंत जायची. अंबुबाई आल्या आणि रांग अशी उरलीच नाही.

आणि मग पार्सलं चुकायला लागली.

पहिली तक्रार हासनहून आली. एका लग्नघरी जायच्या साड्या पंपाच्या दुकानात पोहोचल्या होत्या. लेबलवर गाव हासनच होतं, पण नाव आणि रस्ता दावणगिरीच्या एका पंपवाल्याचा. योगायोगानं त्याच नावाचं दुकान हासनलाही होतं, म्हणून पोऱ्यानं तिथं नेऊन टाकल्या. दुकानदाराच्या बायकोनं त्यातल्या दोन पसंत करून ठेवल्या होत्या आणि त्या परत द्यायला ती बिलकूल तयार नव्हती. चन्नबसप्पा फोनवर तासभर घाम पुसत होता.

मग तुमकूर, मग मंड्या, मग शिवमोग्गा. दर आठवड्याला चार-पाच. चन्नबसप्पा एकदा काउंटरपाशी आला आणि खालच्या आवाजात कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, स्वल्प सावकाश करा की. चुका होतात."

बावीस वर्षांत हे वाक्य अंबुबाईंना कुणी ऐकवलं नव्हतं. ते वाक्य त्या दुसऱ्यांना ऐकवत. घरी आल्या, कुकर लावला, आणि विठोजी जेवत असताना एकदम म्हणाल्या, "माझ्या बोटांतून तशी चूक जाणारच नाही. एखादं अक्षर चुकेल. अख्ख्या ओळीच्या ओळी कशा चुकतील?"

विठोजीनं घास गिळला. "कुठल्या ओळी चुकतात?"

हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक वही केली. जे लेबल चुकीचं निघे ते पार्सलवर लावायच्या आधी पकडायचं आणि वहीत डकवायचं. आता त्या प्रत्येक लेबल वाचून मगच लावत होत्या, त्यामुळे चुकीचं पार्सल बाहेर जाणं थांबलं. पण चुकीची लेबलं निघायची थांबली नाहीत. दोन आठवड्यांत वहीत अकरा लेबलं जमली आणि अकराच्या अकरा एकाच तऱ्हेची होती. गाव आणि पिन ज्याचं पार्सल त्याचं, पण नाव आणि रस्ता मागून आलेल्या गिऱ्हाइकाचा. आणखी एक. गिऱ्हाइकाची पावती कधीच चुकत नव्हती. चुकायची ती दुसरीच प्रत.

मग त्यांनी कान लावला. प्रिंटर पहिली प्रत संपवून कागद सरकवायचा तेव्हा एक खट्ट आवाज यायचा. त्या खट्टच्या आत जर त्यांनी पुढच्या माणसाचं नाव आणि रस्ता टाइप करून टाकला असेल तर लेबल हमखास चुकणार. खट्टनंतर टाइप केला तर दोन्ही प्रती ठीक. एवढं कळल्यावर त्या प्रिंटरकडे असं बघायला लागल्या, जसं वर्गातल्या एखाद्या लबाड पोराकडे बघावं.

चन्नबसप्पानं तोवर ज्यांनी प्रोग्राम लिहिला त्यांना बोलावलं होतं. कोरमंगलात 'त्रिकोण सिस्टिम्स' म्हणून सात-आठ जणांची कंपनी होती. तिथून आयुधपूजेनंतरच्या मंगळवारी एक मुलगा आला. वय पंचविशीचं, पाठीवर सॅक, केसांत स्कूटरवरची धूळ. पूजेला लावलेलं गंध-कुंकू मॉनिटरवर अजून तसंच होतं, त्याच्याकडे त्यानं क्षणभर बघितलं आणि खुर्ची ओढली. अर्धा तास तो पत्ते टाइप करत बसला. दोन बोटांनी. एकही लेबल चुकलं नाही. मग त्यानं चन्नबसप्पाच्या टेबलावरचा फोन उचलला आणि मराठीत बोलायला लागला.

"नीरजा, बिंदुमाधव बोलतोय. प्रोग्रामला काही झालेलं नाहीये. इथल्या बाई आहेत ना, त्यांचाच काहीतरी घोळ आहे. टाइपिंग येत नसणार नीट."

अंबुबाई मागेच उभ्या होत्या. "टाइपिंग येत नाही कुणाला?" त्या मराठीत म्हणाल्या. "दोन बोटांनी टुकटुक कोण करत होतं मघा?"

बिंदुमाधवच्या हातातून फोन निसटता निसटता राहिला. "तुम्ही... तुम्हाला मराठी येतं?"

"मग काय तुमच्या पुण्यालाच येतं काय? उठा बघू. बसू द्या मला."

त्या बसल्या. समोर दोन पत्ते ठेवले. पहिला पूर्ण केला, शेवटचा एंटर दाबला, प्रिंटर कुरकुरायला लागला आणि त्याच दमात दुसऱ्याचं नाव आणि रस्ता टाकून त्या थांबल्या. हात मांडीवर. "आता ऐका. खट्ट झालं? आता बघा दुसरी प्रत."

बिंदुमाधवनं लेबल फाडून घेतलं. कोलारच्या गावाखाली कोलारचाच पिन, आणि वर नाव चित्रदुर्गच्या माणसाचं.

"परत करा," तो म्हणाला.

त्यांनी परत केलं. पुन्हा चुकलं. "आता नाही चुकवत," म्हणाल्या आणि खट्टची वाट बघून टाइप केलं. बरोबर आलं. "आता चुकवते." चुकलं. बिंदुमाधवच्या चेहऱ्यावर हळूहळू असा आनंद पसरला की चन्नबसप्पाला वाटलं, याला काहीतरी बक्षीस लागलंय. कधीतरी होणारी आणि बघायला गेलं की दडी मारणारी चूक कुणी अशी मागेल तेव्हा काढून दाखवली, तर प्रोग्राम लिहिणाऱ्याला काय होतं ते त्याला कसं कळणार?

त्यानं फोन पुन्हा कानाला लावला. पलीकडे नीरजा अजून होती आणि हसत होती. ती त्याची वरिष्ठ, मुंबईची. "बाईंची माफी माग आधी," ती म्हणाली.

त्यानं मागितली. अंबुबाईंनी ती कॉफीबरोबर स्वीकारली. मग म्हणाल्या, "सांगा की आता. माझ्या मागून हा काय उद्योग करतो?"

बिंदुमाधवनं वहीच्या मागच्या पानावर दोन रेघा ओढल्या. "असं आहे बघा. प्रोग्राम एकच आहे, पण त्याच्या आत दोन जण काम करतात. त्यांना आम्ही थ्रेड म्हणतो. एक थ्रेड तुम्ही टाइप करता ते घेतो. दुसरा छापतो. म्हणून तर छापताना तुम्हाला थांबावं लागत नाही."

"दोघं एकदम?"

"दिसायला एकदम. खरं तर प्रोसेसर एकच आहे. तो क्षणभर याचं काम करतो, क्षणभर त्याचं. कधी कुणाकडे वळेल ते आपल्या हातात नाही. इतकं भराभर चालतं की आपल्याला दोन्ही सोबत चाललंय असं वाटतं."

"सरी. मग चुकतं कुठं?"

"दोघांसाठी पत्ता ठेवायची जागा मी एकच केली. तुम्ही टाइप केलेलं तिथं जातं आणि छापणारा तिथूनच एकेक ओळ वाचतो. त्याच्या दोन्ही प्रती छापून होईपर्यंत तुम्ही पुढचं नाव टाकणार नाही, असं मी धरून चाललो होतो." तो ओशाळला. "ऑफिसात आम्ही सगळे माझ्यासारखेच टाइप करतो ना. कुणी तितकं पुढे पोहोचलंच नाही कधी."

अंबुबाईंनी चन्नबसप्पाकडे वळून हे सगळं कन्नडमध्ये सांगितलं. शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बिंदुमाधव फ्लॉपी घेऊन आला. त्यानं कुलूप बसवलं होतं. म्हणजे छापणारा थ्रेड पत्त्याला हात लावण्याआधी कुलूप घेणार, दोन्ही प्रती झाल्या की सोडणार. तोवर टाइपिंगच्या थ्रेडला त्या जागेत काही लिहिता येणार नाही. लेबल एकही चुकलं नाही. पण अंबुबाईंनी पुढचं नाव टाकून एंटर दाबला की पडदा थिजायचा, आणि प्रिंटर शांत होईपर्यंत थिजलेलाच राहायचा. दुपारपर्यंत रांग पुन्हा पायरीवर आली.

"हे बरंय," अंबुबाई म्हणाल्या. "मला थांबवायचंच होतं तर दुसरा कशाला ठेवला?"

त्याला पटलं. त्यानं मोठं कुलूप काढून दोन लहान कुलपं केली. एक पत्त्याला, एक पावतीवर येणाऱ्या पार्सलच्या क्रमांकाला. ज्याला जे हवं त्यानं तेवढंच थोडा वेळ घ्यायचं. हे तीन दिवस झकास चाललं. चौथा दिवस दिवाळीच्या आधीचा सोमवार होता. काउंटरपुढे मिठाईचे डबे, कापडाचे गठ्ठे, फटाके असल्याचा संशय यावा अशी दोन खोकी, आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी सगळं बंद पडलं. प्रिंटर मुका, पडदा मुका. एकही कळ चालेना. अंबुबाईंनी मशीन बंद करून चालू केलं. वीस मिनिटं चाललं आणि पुन्हा थांबलं.

बिंदुमाधव कोरमंगलाहून स्कूटर हाणत आला तोपर्यंत चन्नबसप्पा आणि अंबुबाई स्केचपेननं लेबलं लिहीत होते. त्यानं पंधरा मिनिटं मशीनसमोर घालवली, मग डोक्याला हात लावला. "टाइपिंगच्या थ्रेडनं पत्त्याचं कुलूप घेतलंय आणि तो क्रमांकाच्या कुलपासाठी थांबलाय. छापणाऱ्यानं क्रमांकाचं घेतलंय आणि तो पत्त्यासाठी थांबलाय. दोघंही हातातलं सोडत नाहीत."

"किती वेळ थांबतील?"

"कायमचे."

"अय्यो," अंबुबाई म्हणाल्या आणि त्याच्या हातात एक स्केचपेन दिलं. "मग तोवर तुम्ही ही बाजू लिहा."

तो लिहायला बसला. पत्ते अंबुबाई गिऱ्हाइकाकडून घेत आणि मोठ्यानं सांगत. बिंदुमाधवचं अक्षर बघून एका कारखान्याच्या शिपायानं हे गाव कुठल्या राज्यात आहे असं विचारलं. तासाभरानं गर्दी ओसरली, कॉफी आली आणि अंबुबाई बोटांवरची शाई पुसत म्हणाल्या, "मला एक सांगा. ते दोघं एकाच कागदावरून भांडतात कशाला? मी संस्थेत असताना साहेबाला एक पत्र आणि फायलीला एक, असं लागलं तर कार्बन घालून दोन प्रती काढायचे. साहेबाच्या प्रतीला मी परत हात लावायची नाही. पत्ता पुरा झाला की छापणाऱ्याला त्याची प्रत देऊन टाका की. मग माझ्या कागदावर मी काय वाटेल ते करीन."

बिंदुमाधवनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आणि त्याचं एक छापून होण्याआधी तीन पत्ते तयार झाले तर त्या तीन प्रती ओळीनं ठेवायच्या. त्यानं पुढची उचलायची, तुम्ही मागे ठेवायची. कुलूप फक्त ठेवायच्या-उचलायच्या क्षणापुरतं. एकच कुलूप." तो स्वतःशीच बोलत होता. अंबुबाईंनी त्याला बोलू दिलं.

दिवाळीनंतर तो नवी फ्लॉपी घेऊन आला, या वेळी नीरजाही सोबत होती. तिला अंबुबाईंना बघायचंच होतं. अंबुबाई बसल्या आणि एकामागून एक चाळीस पत्ते टाकले. मुद्दाम आखूड नावं निवडली. प्रिंटर मागे पडला, तरी पडदा एकदाही थांबला नाही. मग त्यांनी मध्येच प्रिंटरचा कागद ओढून काढला, आणखी सहा पत्ते टाकले, कागद परत लावला. साडेअकराव्या मिनिटाला शेवटचं लेबल बाहेर पडलं. सेहेचाळीस, एकही चूक नाही. चन्नबसप्पानं टाळ्या वाजवल्या.

अंबुबाईंनी मात्र भुवया आवळल्या होत्या. "जड झालंय."

"काय जड झालंय?" बिंदुमाधवनं विचारलं.

"कीबोर्ड. आणि गंमत अशी की छापताना नाही, छापून झाल्यावर. प्रिंटर रिकामा असला की कळा चिखलातून वर आल्यासारख्या येतात."

"कीबोर्ड जड कसा होईल, अक्का?" तो म्हणाला. तोही आता त्यांना अक्काच म्हणत होता. नीरजानं मात्र हात वर करून त्याला गप्प केलं.

"रांग रिकामी असताना तुझा छापणारा थ्रेड काय करतो?"

"बघत असतो. काही आलं का, काही आलं का..." बोलता बोलता तो थांबला.

"सेकंदाला किती वेळा?"

त्याचे कान लाल झाले. एकुलता एक प्रोसेसर, आणि त्याचा बराच वेळ रिकाम्या रांगेत डोकावण्यात जात होता. टाइपिंगच्या वाट्याला उरलंसुरलं. आणि तो फरक या बाईंच्या बोटांना कळला होता. बिंदुमाधवनं तिथंच खुर्ची ओढली आणि दुपारपर्यंत दुरुस्ती केली. रांग रिकामी झाली की छापणाऱ्यानं झोपायचं, अगदी गाढ. पत्ता ठेवला की टाइपिंगच्या थ्रेडनं त्याला हाक मारून उठवायचं.

अंबुबाईंनी एक पत्ता टाकला. थांबल्या. दुसरा टाकला. "हां," त्या म्हणाल्या. "आता हलकं आहे."

परत जाताना नीरजानं त्यांना फाटकापाशी बाजूला घेतलं. आमच्याकडे शनिवारी याल का, म्हणाली. आमचे प्रोग्राम असेच मोडून दाखवायला. अंबुबाईंना आधी वाटलं, थट्टा चाललीय. मोडण्याचं काम कोण देतं? पण नीरजा हसत नव्हती.

त्या शनिवारी त्या दोन बस बदलून, मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरच्या गर्दीतून वाट काढत कोरमंगलात पोहोचल्या. ऑफिस म्हणजे एका बंगल्याचा तळमजला. सगळी पोरं विशीतली, बहुतेकांच्या पायांत स्लिपर. अंबुबाईंनी पहिल्यांदा टेबल उंच आहे म्हणून खुर्चीवर उशी मागितली. मग एका वाचनालयासाठी लिहिलेला प्रोग्राम समोर आला आणि दहाव्या मिनिटाला एकच पुस्तक एकाच वेळी दोन वाचकांच्या नावावर गेलं. ज्यानं तो लिहिला होता तो मुलगा उठून बाहेर वाऱ्यावर जाऊन उभा राहिला. "पहिल्यांदा सगळ्यांना वाईट वाटतं," बिंदुमाधवनं त्याला समजावलं. "मग सवय होते."

फेब्रुवारीत अंबुबाईंनी पीण्याची नोकरी सोडली आणि कोरमंगलात रोज जायला लागल्या. चन्नबसप्पानं निरोपाला त्यांना एक मोठं भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि भाषण करायला उभा राहून दोन वाक्यांत रडला.

नव्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्यांचा आणि बिंदुमाधवचा एक करार झाला. अर्धा तास त्यानं त्यांना प्रोग्रामिंग शिकवायचं, अर्धा तास त्यांनी त्याला टाइपिंग. त्याच्या हातांवर त्या नॅपकिन टाकत म्हणजे त्याला कळा दिसू नयेत. "मधलं बोट कुठं गेलं? डोळे वर!" तीन महिन्यांत तो मिनिटाला अठ्ठावीस शब्दांवर आला आणि तिथंच अडकला. अंबुबाईंची प्रगतीही काही वेगळी नव्हती. कंस उघडायच्या आणि बंद करायला विसरायच्या. पोरं हसायची, त्याही हसायच्या. घरी विठोजीला मात्र रोज नवं काहीतरी ऐकायला मिळे. तोही आता जेवताना पूर्वीपेक्षा जास्त प्रश्न विचारायला लागला होता.

जूनमधल्या एका शनिवारी त्यांनी स्वतःचा, कुणाचीही मदत न घेता, पहिला दोन थ्रेडचा प्रोग्राम लिहिला. अगदी छोटा. एकानं आकडे रांगेत ठेवायचे, दुसऱ्यानं उचलून पडद्यावर दाखवायचे. चालू केला. पडद्यावर काहीच आलं नाही. बिंदुमाधव उठून यायला लागला, तसं त्यांनी त्याला हातानंच थांबवलं. "बस तिथंच. माझं मी बघते."

पाऊण तास त्या एकेक ओळ बोट ठेवून वाचत होत्या. मग एकदम कपाळावर हात मारून ओरडल्या, "अय्यो! झोपवलं त्याला, उठवायलाच विसरले!"

सगळं ऑफिस हसलं. त्याच वेळी विठोजी दारात उभा होता. त्याला त्या दिवशी अर्धी सुट्टी होती आणि तो त्यांना न्यायला आला होता. आपल्या बायकोनं कुणाला झोपवून ठेवलंय ते न कळल्यामुळे तो जरा बावरला होता.

त्यांनी एक ओळ घातली, प्रोग्राम पुन्हा चालू केला. एक, दोन, तीन, चार, आकडे पडद्यावरून झरझर उतरायला लागले. विठोजीनं पाठीमागून वाकून नीट पाहिलं. बिंदुमाधवनं त्याला खुर्ची दिली, पण तो उभाच राहिला.

बसमध्ये अंबुबाईंनी त्याला सगळं सांगितलं. झोपणं, उठवणं, रांग, कुलूप, सगळं. बस हळूहळू पुढे सरकत होती. विठोजी खिडकीबाहेर बघत ऐकत होता. मॅजेस्टिक जवळ आलं तेव्हा तो वळला.

"एक विचारू?"

"विचारा की."

"उचलणारे दोघं ठेवले, आणि दोघंही झोपलेत. तू एकच वस्तू ठेवून हाक मारलीस आणि दोघंही उठले, तर?"

बस थांबली, माणसं उतरायला लागली, कंडक्टर ओरडायला लागला, तरी अंबुबाई बसूनच होत्या.

"सोमवारी विचारते त्याला," शेवटी त्या म्हणाल्या आणि पर्स सावरत उठल्या. "नाही, थांबा. आधी मीच लिहून बघते."